दूधवाले आजोबा

लेकीचं पहिलं दर्शन तिला झालं ते एका पावलाचं. हिरव्या कापडाच्या गुंडाळीतून बाहेर आलेलं, तिच्या अंगठ्याहून जेमतेम मोठं, जांभळट पाऊल. ते डोळे भरून बघेपर्यंत गुंडाळी कुणीतरी उचलली, दार उघडलं, मिटलं, आणि थोड्या वेळाने खाली रुग्णवाहिकेचा भोंगा सुरू झाला. भोंगा लांब लांब गेला, पुलाच्या दिशेने. मग तिला गुंगी आली.

जाग आली तेव्हा पोटाला टाके होते, हाताला रक्ताची नळी होती आणि कुशीत कोणी नव्हतं.

बाळ दोन महिने आधी आलं होतं. एवढ्याशा जिवाला सांभाळायची सोय या इस्पितळात नव्हती, म्हणून त्याला नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. इकडे तिचं रक्त फार गेलेलं, रक्तदाब काही केल्या खाली येईना, त्यामुळे तिला हलवायची डॉक्टरांची तयारी नव्हती. नवरा मालवाहू जहाजावर फिटर. जहाज भर समुद्रात, पुढचं बंदर यायला बराच अवकाश. आई दूरच्या गावी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना टाकून येणार कशी? ती फोनवर हुंदके देत होती आणि लेकीलाच सांगत होती, ‘‘रडायचं नाही हं बाळा, टाके ओढतात.’’

म्हणजे राहिले एकटे सासरे. आणि सासऱ्यांशी तिचं बोलणं बंद होतं.

ती लिफ्ट दुरुस्त करायची. उंच इमारतींच्या गच्चीवर लिफ्टची मोटर असते त्या कोंदट खोलीत, नाहीतर खाली खड्ड्यात, ग्रीसने माखलेल्या हातांनी तिचा दिवस जायचा. पोट दिसायला लागल्यावर तिने खड्ड्यात उतरणं सोडलं होतं, पण गच्चीवरचं काम सोडलं नव्हतं. सासरे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. मुलं त्यांना शिट्टी मास्तर म्हणायची. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहायचे, आणि सुट्टीच्या दिवशी सुनेकडे चहाला यायचे. अशाच एका चहाला ते म्हणाले, ‘‘आता हे चढणं-उतरणं बंद करायचं.’’ तिने दोनदा हसून टाळलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले तेव्हा तिचा तोल गेला. ‘‘बाबा, शिट्टी शाळेत वाजवायची असते. पोट माझं आहे, मी बघेन.’’

सासऱ्यांनी कप बशीवर ठेवला. अगदी हळू, आवाज न करता. चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर ना त्यांचा फोन आला, ना तिने केला. आणि मग एक दिवस लिफ्टच्या खोलीतच तिच्या पोटात कळ आली होती आणि पायावरून रक्ताचा ओघळ आला होता.

आता ते दारात उभे होते. इस्त्रीचा सदरा, करकरीत बूट, हात पाठीमागे बांधलेले. बोलले तेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून.

‘‘पाणी हवंय का?’’

‘‘नको.’’

‘‘उशी सरकवायची का?’’

‘‘नको.’’

तिच्या लक्षात आलं, ते ‘तू’ही म्हणत नव्हते आणि नाव तर नाहीच नाही. आपल्या भाषेत कर्ता गाळून किती दिवस काढता येतात, हे तिला त्यांच्याकडूनच शिकायला मिळणार होतं.

दुपारी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आल्या. अंगाने थोराड, आवाज असा की शेजारच्या वॉर्डातल्यांनाही औषधाची आठवण व्हावी. त्यांच्या हातात एक वाटी आणि सुई नसलेली बारकी सिरिंज होती.

‘‘चला, दूध काढायचं.’’

‘‘कुणासाठी?’’ ती म्हणाली. ‘‘बाळ कुठाय माझ्याजवळ?’’

‘‘बाळ पलीकडे आहे आणि भुकेलं आहे. तिकडून सारखा फोन येतोय. पहिलं घट्ट पिवळं दूध असतं ना, चीक, तो हवाय त्यांना. तुझ्या लेकीला आता त्याहून मोठं औषध नाही.’’

‘‘पण मला काही येतच नाहीये.’’

‘‘येईल. तुझं अंग काय वेळापत्रक वाचतं होय? मूल झालंय एवढं त्याला कळलंय.’’ सिस्टरांनी पडदा ओढला. ‘‘असा हात धर. पिळायचं नाही गं, धुणं आहे का ते? मागे दाब, मग पुढे आण. बोलावून आणायचं त्याला, ओढून नाही.’’

बराच वेळ काहीच झालं नाही. तिचे दंड दुखायला लागले, टाके ओढले, आणि स्वतःच्या अंगाचा राग राग आला. मग एकाएकी एक थेंब दिसला. मधासारखा, जाड, पिवळाधमक. तो पडेचना, तिथेच चिकटून बसला. सिस्टरांनी तो सिरिंजने अलगद ओढून घेतला, जशी काही खजिन्याची किल्ली सापडली. मग दुसरा. मग तिसरा. सगळं मिळून सिरिंजचा तळ कसाबसा ओला झाला.

‘‘एवढंच?’’ तिला रडू फुटलं.

‘‘एवढंच काय? भरपूर आहे!’’ सिस्टरांनी पडदा खस्सकन बाजूला केला. ‘‘आजोबा! ओ आजोबा! दूध न्यायचंय पलीकडे. नेणार ना?’’

सासरे दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते. कान लालबुंद झाले होते. आयुष्यभर हजारो पोरांना मोकळ्या मैदानात खड्या आवाजात हुकूम सोडलेला माणूस, पण त्या एका शब्दाने त्यांची बोबडी वळली.

‘‘सामान... सामान द्या. नेतो.’’

सिस्टरांनी सिरिंज पिशवीत घातली, वर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली, आणि बर्फाच्या लाद्या घातलेल्या निळ्या डब्यात ठेवली. सासऱ्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला आणि स्कूटरकडे निघाले. खिडकीतून तिला दिसलं, डबा पायांशी ठेवायचा की मागे बांधायचा यावर त्यांचा बराच विचार झाला. शेवटी पट्टा गळ्यात अडकवून त्यांनी तो पोटाशी घेतला आणि एवढ्या सावकाश निघाले की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला.

संध्याकाळी परत आले ते पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभे राहिले.

‘‘सामान पोचलं. स्वीकारलं. नळीने दिलं.’’

‘‘कशी आहे ती?’’

‘‘वजन कमी. रंग तांबूस. हालचाल समाधानकारक.’’

एखाद्याला प्रगतिपुस्तक वाचल्यासारखं वाटलं असतं, पण तिने ते तीन तुकडे रात्रभर मनात घोळवले. तिकडच्या वॉर्डात मोबाइल न्यायला बंदी होती, त्यामुळे फोटो नाही, काही नाही. लेक कशी दिसते हे कळायला तिच्याजवळ एकच डोळे होते, आणि ते सासऱ्यांचे होते.

मग ते चाकोरीला लागलं. चीक सरला, दूध पातळ आणि पांढरं झालं, हाताऐवजी इस्पितळाचा पंप आला. पंप म्हातारा होता. घर्रर्र-फुस, घर्रर्र-फुस करत चालायचा. ‘‘याच्या मोटरचं बेअरिंग गेलंय,’’ तिने पहिल्या दिवशीच निदान केलं. सिस्टर म्हणाल्या, ‘‘आधी तू बरी हो, मग त्याला बरं कर.’’ दर तीन तासांनी ती पडद्याआड बसायची, समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत लेकीचं ते पाऊल आठवायची. पाऊल आठवलं की दूध यायचं. दुसरं आठवायला तिच्याजवळ होतंच काय? लहान लहान बाटल्या भरायच्या, झाकणं घट्ट लावायची, वर वेळ लिहायची, वॉर्डातल्या फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवायच्या, दाराजवळ नाहीत. सकाळ-संध्याकाळ सासरे येऊन त्या घेऊन जायचे.

आणि दर खेपेला तिचे प्रश्न वाढत चालले.

‘‘दिसते कशी? कोणासारखी?’’

सासऱ्यांनी विचार केला. ‘‘अजून कोणासारखीच नाही.’’

‘‘केस?’’

‘‘आहेत. टोपी होती. उद्या बघून सांगतो.’’

दुसऱ्या दिवशी ते बघून आले. ‘‘केस काळे. मानेवर जास्त. कानाच्या पाळीवरसुद्धा लव आहे, तिकडची सिस्टर म्हणाली ती गळून जाते.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘झोपेत भुवया वर करते. कुणीतरी भलतंच काहीतरी विचारल्यासारख्या.’’

ती खळखळून हसली आणि लगेच टाक्यांवर हात ठेवला. सासरेही हसले असावेत, पण ते घड्याळाकडे बघत होते.

एकदा मोठ्या सिस्टर सांगत आल्या, ‘‘अगं, तुझ्या सासऱ्यांना तिकडे काय म्हणतात ठाऊक आहे का? दूधवाले आजोबा! फोन आला होता, ‘दूधवाले आजोबा निघाले का?’ म्हणून.’’ सासरे तिथेच होते. तिला वाटलं, आता हे कायमचे जातात. ते खाकरले, गळपट्टी नीट केली आणि म्हणाले, ‘‘निघालेच आहेत, म्हणून कळवा.’’

मग एका सकाळी ते डबा घेऊन गेले आणि वेळेवर परत आले नाहीत.

एरवी त्यांच्या येण्यावर घड्याळ लावावं असा माणूस. दुपारचं जेवण आलं, गार झालं. तिने फोन केला, उचलला नाही. तिकडच्या वॉर्डात सिस्टरांनी चौकशी केली. ‘दूध मिळालं, उशिरा मिळालं’ एवढंच कळलं. ती पलंगावर उठून बसली, परत आडवी झाली. लेकीला काही झालं का? ते सांगायला त्यांना धीर होत नसेल का?

शेवटी ते आले. पलंगाच्या पायथ्याशी आले नाहीत, दाराजवळच्या खुर्चीमागे उभे राहिले.

‘‘सामान पोचलं. हालचाल समाधानकारक.’’

‘‘बाबा, खुर्चीमागे का उभे आहात?’’

‘‘सहज.’’

सहज काय! मोठ्या सिस्टर मागून येत होत्या. त्यांना फरशीवर बुटाचा लाल ठसा दिसला. ‘‘हे काय? बसा आधी! बसा म्हणते ना!’’ पोरांना मैदानभर पळवणारे मास्तर मुकाट्याने बसले. पँट गुडघ्यावर फाटली होती, नडगी सोलवटून निघाली होती, मोज्यात रक्त उतरलं होतं. पुलाच्या उतारावर कुणाच्या तरी गाडीतून तेल सांडलं होतं. स्कूटर घसरली. लोकांनी उचललं, दवाखान्यात चला म्हणाले. हे म्हणाले, तिकडेच चाललोय. स्कूटर तिथेच कडेला लावली आणि उरलेला पूल, पुढचा बाजार, चौक, सगळं लंगडत चालत गेले. दूध दिलं. लेकीला काचेतून पाहिलं. आणि ‘तुमच्या पायाचं बघू या’ असं तिकडची सिस्टर म्हणाली तेव्हा ‘काही नाही, काही नाही’ म्हणत तिथून सटकले.

सिस्टर जखम धूत होत्या आणि तोंडाने त्यांची बिनपाण्याने करत होत्या. सासरे दात आवळून बसले होते. मधेच तिच्याकडे वळून म्हणाले, ‘‘डब्याला ओरखडासुद्धा नाही. पडताना वर धरला होता.’’

तिने चादर तोंडावर ओढली. हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

पुढचे काही दिवस तिच्याबरोबर लिफ्टचं काम करणारा जोडीदार कंपनीची व्हॅन घेऊन यायचा. तो बिचारा म्हणाला, ‘‘काका, तुम्ही आराम करा, मी एकटा देऊन येतो.’’ सासऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘तुमचं गाडी चालवणं चांगलं असेल. डबा माझ्याकडे.’’ आणि पायाला पट्टी बांधलेले, डबा मांडीवर घेतलेले सासरे व्हॅनमध्ये पुढे बसून पुलावरच्या प्रत्येक खड्ड्याला जोडीदाराकडे रोखून बघायचे. त्याने नंतर शपथेवर सांगितलं की आयुष्यात इतक्या हळू गाडी त्याने कधीच चालवली नव्हती.

त्यांचं पडणं तिने मनाला लावून घेतलं असावं, किंवा नसेलही. पण त्याच आठवड्यात तिला ताप भरला. एका बाजूची छाती दगडासारखी कडक झाली, हात लावू देईना. डॉक्टरांनी औषध दिलं, ‘दूध काढत राहा, थांबवू नका, बाळाला चालतं’ असं बजावलं. सिस्टरांनी गरम पाण्याचा शेक दिला. पंप घर्रर्र-फुस करत राहिला, बाटली कोरडीच. सकाळभर खटपट करून तळाशी जेमतेम काही थेंब.

सासरे डबा घेऊन उभे होते. तिने बाटली उशीमागे सरकवली.

‘‘आज जाऊ नका.’’

‘‘का?’’

‘‘एवढंसं नेऊन काय करणार? लाज वाटते मला. तिकडे त्या म्हणतील, ही कसली आई. एक तर पोटात नीट सांभाळता आलं नाही, आणि आता...’’ तिने डोळे घट्ट मिटले. ‘‘तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. माझ्यामुळेच झालं हे सगळं. तुम्ही बोलत नाही, पण मनात आहेच ना तुमच्या?’’

सासऱ्यांनी डबा खाली ठेवला. खुर्ची ओढली. इतक्या दिवसांत ते तिच्या पलंगाशेजारी पहिल्यांदाच बसले.

‘‘ऐक,’’ ते म्हणाले. ‘‘तू ऐक.’’

तिने डोळे उघडले.

‘‘माझ्या मनात होतं. खोटं कशाला बोलू? तू इथे बेशुद्ध होतीस तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. विचारलं, हिच्या त्या चढण्या-उतरण्यामुळेच झालं ना? मला हवं होतं की त्यांनी हो म्हणावं. मी बरोबर होतो, एवढं मला ऐकायचं होतं.’’ त्यांनी गुडघ्यावरची पट्टी चाचपली. ‘‘त्या म्हणाल्या, वार गर्भाशयापासून आधीच सुटायला लागली होती. कुणाचीही सुटते. ती गच्चीवर असती काय नि गादीवर असती काय, हेच होतं. उलट म्हणाल्या, कळ आल्याबरोबर हिने स्वतः फोन करून गाडी बोलावली, आडवी पडून राहिली, म्हणून दोघी वाचल्या. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाल्या.’’

वॉर्डात कुणाचं तरी ताट खणकलं. सासरे आवाज खाली करून म्हणाले, ‘‘मग मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. माझी पोरगी असती तर मी असा प्रश्न विचारला असता का, असं वाटलं. तुला तोंड दाखवायची मला चोरी झाली, आणि तुला वाटत राहिलं मी रागावलोय.’’

त्यांनी हात पुढे केला. ‘‘ती बाटली दे.’’

‘‘बाबा, त्यात काहीच नाहीये.’’

‘‘तू तिला पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. तिला एका वेळी चमचाभरही लागत नाही. नळीतून जातं, थेंब थेंब. तुला इथे एवढंसं वाटतं ते तिथे तिचं जेवण असतं, पोटभर. सिस्टर नळी वर धरते, तुझं दूध हळूहळू खाली उतरतं, आणि ही आपली भुवया वर करून झोपलेली. मी रोज बघतो ते. रोज. सगळं संपेपर्यंत मी काचेपासून हलत नाही.’’

तिने उशीमागून बाटली काढली. त्यांनी ती उजेडात धरली, झाकण घट्ट आहे ना बघितलं, आणि भरलेली बाटली ठेवत तशीच, त्याच काळजीने, बर्फात ठेवली. दारातून वळून म्हणाले, ‘‘आणि ते तुझ्या तोंडून आलेलं, शिट्टीचं. ते खरंच होतं.’’

औषध लागू पडलं. छाती सैल झाली, दूध पुन्हा वाहतं झालं, आणि हळूहळू रक्तदाबही माणसात आला. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आता घरी जायला हरकत नाही. घरी कोण जातंय! ती सरळ व्हॅनमध्ये बसली, पोटाला उशी धरून. मोठ्या सिस्टरांचे हात तिने हातात घेतले. सिस्टर म्हणाल्या, ‘‘जा गं, जा. पहिलं दूध इथे आलं, एवढं लेकीला सांग म्हणजे झालं.’’

पलीकडच्या इस्पितळाच्या फाटकावरचा रखवालदार सासऱ्यांना बघून उठून उभा राहिला. ‘‘आणलंत का सूनबाईंना?’’ लिफ्टमधल्या बाईने मजला न विचारताच बटण दाबलं. वॉर्डाच्या दारात तिकडची सिस्टर, नाजूक चणीची, चष्मेवाली, तिची वाटच बघत होती. ‘‘या, या! आम्ही तुम्हाला चांगल्या ओळखतो. लिफ्टच्या दोरांची तपासणी कशी करतात हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. आजोबा तुमच्याबद्दलच बोलत असतात.’’

तिने सासऱ्यांकडे बघितलं. ते बुटावर प्लास्टिकचे मोजे चढवण्यात फारच गुंतले होते.

सिस्टरने आधी तिला हात धुवायला लावले, कोपरापर्यंत. मग एक फ्रीजर उघडून दाखवला. आत ट्रेमध्ये लहान लहान बाटल्यांच्या रांगा होत्या, गोठलेल्या, फिकट पिवळ्या, पांढऱ्या. ‘‘हे सगळं तुमचं. ताजं आधी देतो, उरलेलं इथे. आता दोन-चार दिवस तुम्ही आजारी पडलात तरी तिची उपासमार व्हायची नाही.’’ ती बघतच राहिली. एकेका बाटलीला तिने नावं ठेवली होती, कमी म्हणून, उशिरा म्हणून, पातळ म्हणून. सगळ्या मिळून इतक्या असतील असं तिला वाटलंच नव्हतं.

मग पेटीचं दार उघडलं. नळ्या, तारा, टोपी, आणि त्यांच्यामध्ये ती. सिस्टरने लेकीला उचलून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. वजन असं काही जाणवलंच नाही. नुसती ऊब जाणवली. लेकीने नाक इकडे-तिकडे घासलं, भुवया वर केल्या. आणि पंप नाही, हात नाही, काही नाही, तिचा पान्हा आपोआप फुटला. गाऊन भिजला, पांघरूण भिजलं.

‘‘वाया जातंय!’’ ती घाबरून म्हणाली.

‘‘जाऊ दे हो,’’ सिस्टर म्हणाली. ‘‘तिला वास येऊ दे. हेच दूध ना, हे तिला कळू दे.’’

लेकीने जीभ बाहेर काढली. चाटल्यासारखं केलं. प्यायली अशी नाहीच त्या दिवशी. ते पुढे, बऱ्याच दिवसांनी, नळी निघाल्यावर शिकली. पण जीभ बाहेर काढली, आणि काचेपलीकडून ते बघणाऱ्या सासऱ्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, मग नाक, मग परत चष्मा.

नवरा बंदरावरून आला तोवर लेक पेटीतून बाहेर आली होती आणि तिच्या अंगावर पीत होती, आळशासारखी, मधेच झोपत. घरी आल्यावर तिचं वजन वाढलं, गाल आले, आवाज तर असा आला की शेजारी चौकशीला आले. नवऱ्याची सुट्टी संपली, तो गेला. तिची रजा संपली, आणि प्रश्न आला, बाळाजवळ कोण? विचारावं लागलंच नाही. सासरे एका पिशवीत दोन सदरे आणि दाढीचं सामान घेऊन आले. दारात म्हणाले, ‘‘राहू का? म्हणजे, तुला चालणार असेल तर.’’

तिने पिशवीच त्यांच्या हातातून घेतली.

कामाचा पहिला दिवस. एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरची मोटरची खोली, ग्रीसचा आणि तापलेल्या तारांचा ओळखीचा वास. मधल्या वेळात तिने हात साबणाने खसखसून धुतले, उपड्या खोक्यावर स्वच्छ पंचा अंथरला आणि आपला स्वतःचा पंप काढला. हा नवा होता, आवाज न करणारा. जोडीदार बाहेर दाराला पाठ लावून उभा राहिला. गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या एका बाईंना तो म्हणाला, ‘‘आत महत्त्वाचं काम चालू आहे.’’ खरंच होतं ते. बाटली भरत आली. तिने झाकण लावलं, बाटली डब्यात बर्फावर ठेवली आणि घरी फोन लावला.

‘‘प्यायली का?’’

‘‘प्यायली. फ्रीजरमधली काढली होती, कोमट पाण्यात ठेवून वितळवली. उकळत्या नाही. आणि हलवायची नाही जोरात, नुसती गोल फिरवायची. मला सगळं माहीत आहे, विचारू नकोस.’’

‘‘नाही विचारत.’’ ती थांबली. खालून लिफ्टचे दोर करकरत वर आले, थांबले. ‘‘बाबा, तेव्हा म्हणायचं राहून गेलं. तुम्ही नसता तर...’’

‘‘हे बघ,’’ सासरे घाईघाईने म्हणाले, पण मग तेही थांबले. फोनमध्ये लेकीचं कुरकुरणं ऐकू येत होतं. ‘‘मी घरात एकटा बसलेलो असायचो गं. सकाळी उठून कशासाठी बूट घालायचे ते कळत नव्हतं. आभार कुणी कुणाचे मानायचे ते आपण निवांत बसून ठरवू. आता फोन ठेव. खांद्यावर घेतलंय तिला, ढेकर काढायचाय.’’